अंकीत एसएम-२ ठेवावं की एफएसआरएस घ्यावं?

एमपीएससीसाठी अंकी, म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं अंतराअंतराने पुन्हा दाखवणारं ॲप, वापरणाऱ्या मित्रांत हा प्रश्न हमखास निघतो. कार्ड पुन्हा कधी दाखवायचं, हे ठरवायच्या या त्यातल्या दोन पद्धती. मी दीड वर्ष एसएम-२ वर काढलं, गेल्या आखाजीनंतर एफएसआरएस सुरू केलं.

एसएम-२ ही पियोत्र वोझ्नियाक यांची १९८७ची पद्धत. मागचं अंतर कार्डाच्या गुणकाने (कार्ड किती सोपं, ते सांगणारा आकडा) गुणायचं, एवढाच हिशेब. २०२३ मध्ये अंकीत आलेलं एफएसआरएस आधी अंदाज बांधतं: हे कार्ड आज तुम्हाला आठवण्याची शक्यता किती? ती ९० टक्क्यांवर उतरेल त्या दिवशी ते कार्ड समोर येतं.

माझं बिनसलं ते तापीच्या उपनद्यांवर. आमचं गाव पांझरेकाठी, त्यामुळे पांझरा, बोरी, गिरणा, वाघूर डाव्या तीराला मिळतात हे कधी चुकलं नाही. पण सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर आणि गोमाईच्या कार्डावर मी चार वेळा अगेन (विसरलो) आणि तीनदा हार्ड (कष्टाने आठवलं) हे बटण दाबलं. अगेनला गुणक ०.२० ने उतरतो, हार्डला ०.१५ ने. २.५ चा गुणक थेट तळाला, १.३ वर गेला. पुढे उत्तर तोंडपाठ झालं, तरी गुड (आठवलं) दाबून तो वर येत नाही, इझीच (सहज आठवलं) दाबावं लागतं. म्हणून ते कार्ड पाच दिवसांनी, सात दिवसांनी, नऊ दिवसांनी येतच राहिलं. अशी कितीतरी कार्डं साचली होती. रात्री अभ्यासिका बंद व्हायची वेळ झाली तरी मी पाठ झालेलंच घोकत बसलेला, नव्या कार्डांना हातच लागत नसे.

एफएसआरएसवर तेच कार्ड दोन बरोबर उत्तरांनंतर दीड महिन्यावर गेलं. दीड महिन्याने आठवलंही.

एसएम-२ चा हिशेब कागदावर मांडता येतो, हे खरं. दोनशे-तीनशे कार्डंच असतील तर कदाचित फरक जाणवणारही नाही. आणि विसरलेल्या कार्डावर हार्ड दाबायची सवय असेल, तर ती आधी मोडा. एफएसआरएस हार्डला 'आठवलं' धरतं, मग सगळा अंदाज चुकतो.

तरी मला विचाराल तर बदलाच. डिझायर्ड रिटेन्शन, म्हणजे आठवण्याची ती टक्केवारी, ९० वरच राहू द्या. मी ९५ केलं आणि रोजची कार्डं इतकी वाढली की आठवड्यात परत ९० वर आलो. जुना डेक (कार्डांचा संच) असेल तर ऑप्टिमाइझ जरूर करा, जुन्या उत्तरांवरूनच एफएसआरएस तुम्हाला ओळखतं. रीशेड्यूलचा (जुन्या कार्डांच्या तारखा नव्याने लावायचा) पर्याय मात्र बंद ठेवा, नाहीतर पहिल्याच सकाळी शेकडो कार्डं अंगावर येऊ शकतात.