अभ्यासिकेच्या राउटरवर ‘केक’: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या एका अभ्यासिकेचे नेटवर्क मी सांभाळतो. सगळ्यांना मिळून फायबरची एकच लाइन आहे. डाउनलोडला १०० एमबीपीएस आणि अपलोडला जेमतेम २०. गेल्या पावसाळ्यात तिथे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालवणारा राउटर बसवला आणि त्यावर एसक्यूएम या पॅकेजमधून ‘केक’ ही रांग-व्यवस्था, म्हणजे लाइनवर कोणाची माहिती कधी पुढे जाईल हे ठरवणारी सोय, सुरू केली. ती विनामूल्य आहे, लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ४.१९ या २०१८ मधल्या आवृत्तीपासून कर्नलमध्येच समाविष्ट आहे, आणि एवढ्या महिन्यांच्या वापरानंतर तिच्याबद्दल सविस्तर लिहावे असे वाटते.

आमची तक्रार वेगाबद्दल कधीच नव्हती, कारण स्पीड टेस्टमध्ये आकडा पूर्ण येत असे. परंतु दोन-तीन जणांच्या फोनमधले फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढू लागले, की इतरांच्या थेट तासिकेतला आवाज तुटायचा आणि शंका विचारणाऱ्याचे बोलणे शिक्षकांपर्यंत पोहोचायचेच नाही. त्याच वेळी बाहेरच्या सर्व्हरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी) लावून पाहिले, तर एरवी दहा-पंधरा मिलिसेकंदांत येणारे उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागत होता. लाइन भरली, की मोडेम जादा पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) टाकून न देता बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवत राहतो, रांग लांबत जाते आणि आवाजाचे इवलेसे पॅकेटही तिच्या शेवटी जाऊन उभे राहते. डाउनलोडच्या पोचपावत्याही अपलोडच्याच रांगेत अडकत असल्यामुळे डाउनलोडसुद्धा मंदावते. संगणकतज्ज्ञ जिम गेटीस यांनी २०१०-११ च्या सुमारास या दोषाकडे सर्वांचे लक्ष वेधले, आणि तेव्हापासून त्याला बफरब्लोट म्हणतात. संभाषण सहज चालावे यासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहावा, असे आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ ही शिफारस सांगते. त्या मापाने आमची लाइन गर्दीच्या वेळी बोलण्याच्या कामाचीच राहत नसे.

सेवेच्या दर्जाची हमी देण्याचे प्रयत्न जुने आहेत आणि केक नेमके काय करतो हे समजून घ्यायला ते माहीत असलेले बरे. १९९४ साली मांडलेल्या इंटसर्व पद्धतीत, आणि तिच्यासाठी १९९७ मध्ये प्रमाणित झालेल्या आरएसव्हीपी या प्रोटोकॉलमध्ये, प्रत्येक प्रवाहासाठी (एका जोडणीतून जाणाऱ्या पॅकेटांच्या ओळीसाठी) वाटेतल्या प्रत्येक राउटरवर क्षमता राखून ठेवायची होती. हमी पक्की मिळे, पण मधल्या मोठ्या राउटरांतून एका वेळी लाखो प्रवाह जातात आणि त्या प्रत्येकाची नोंद ठेवणे त्यांना झेपणारे नव्हते. म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये डिफसर्व आले. त्यात पॅकेटच्या शीर्षातल्या सहा बिटांत वर्ग लिहितात, वर्गवारीचे काम कडेचे राउटर करतात आणि मधले राउटर फक्त वर्ग पाहतात. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात आयन स्टोइका यांनी आणखी पुढचा विचार मांडला, की प्रवाहाची स्थिती पॅकेटनेच सोबत न्यावी आणि मधल्या राउटरांनी काहीच लक्षात ठेवू नये. त्यांच्या प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचा २००१ चा पुरस्कार मिळाला. तपशील वेगळे असले तरी हिशेब कडेला ठेवावा, जिथे प्रवाह मोजके असतात, हे सूत्र दोन्हींत सारखे आहे. केक हेच काम अगदी शेवटच्या कडेला, म्हणजे आपल्या राउटरवर करतो.

त्यासाठी पहिली अट अशी, की रांग मोडेममध्ये न लागता आपल्या ताब्यातल्या राउटरवर लागली पाहिजे. म्हणून मी डाउनलोड ९० आणि अपलोड १८ एमबीपीएसवर बांधले. तेवढा वेग कायमचा सोडावा लागतो आणि अनेकांना ते पटत नाही. माझ्या मते हा सौदा फार स्वस्त आहे. पुढे केक प्रत्येक प्रवाहाला वेगळ्या रांगेत घालतो आणि कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकांच्या कोडेल पद्धतीच्या सुधारित रूपाने प्रत्येक रांगेतला मुक्काम मोजतो. पॅकेटांची प्रतीक्षा ५ मिलिसेकंदांच्या वर १०० मिलिसेकंदांपर्यंत टिकून राहिली, तर तो पॅकेट टाकून देऊन किंवा त्यावर खूण करून पाठवणाऱ्याला हात आखडता घ्यायला लावतो.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र यंत्रनिहाय वाटणी ही आहे. एखादा विद्यार्थी तीस जोडण्या उघडून मोठी फाइल उतरवत असेल आणि शेजारचा एकाच जोडणीवर व्याख्यान पाहत असेल, तर केवळ प्रवाहांत समान वाटणी केल्याने पहिल्याला तीस वाटे मिळतात. अपलोडला ‘ड्युअल-एसआरसीहोस्ट’ आणि डाउनलोडला ‘ड्युअल-डीएसटीहोस्ट’ हे पर्याय लावले, की आधी यंत्रांत समान वाटे होतात आणि मग त्या त्या यंत्राच्या प्रवाहांत. यासोबत ‘नॅट’ (राउटरमागच्या यंत्रांचे मूळ पत्ते पाहायला सांगणारा) हा शब्द लिहायलाच हवा, कारण तो नसेल तर बाहेर जाणारी सर्व पॅकेटे राउटरच्या एकाच पत्त्याची दिसतात आणि वाटणीला अर्थ उरत नाही. पूर्वी इथे प्रत्येक फोनला ठरावीक वेगमर्यादा घातलेली होती. त्यामुळे दुपारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतानाही बसलेल्यांना तेवढाच वेग मिळे. आता न वापरलेला वाटा आपोआप इतरांकडे जातो. परीक्षा जवळ आल्यावर गर्दी वाढली, तेव्हाही मला एकही आकडा बदलावा लागला नाही, आणि लाइन पूर्ण भरलेली असताना पिंग तीस मिलिसेकंदांच्या आसपास राहिली.

डिफसर्वच्या वर्गांचा उपयोग त्या मानाने थोडा झाला. केकमध्ये मोठ्या फाइली, सर्वसाधारण वाहतूक आणि आवाज असे तीन कप्पे करता येतात. आवाजाच्या कप्प्याला एकूण वेगाच्या पाव हिश्शापर्यंतच प्राधान्य असते, त्यामुळे कोणी खोटी खूण लावली तरी तो सगळी लाइन बळकावू शकत नाही. ही योजना उत्तम आहे, पण बाहेरून येणाऱ्या पॅकेटांवरच्या खुणा अनेकदा वाटेतच पुसल्या गेलेल्या असतात. प्राधान्याच्या याद्या करण्याआधी यंत्रनिहाय वाटणी लावावी, असे मी आग्रहाने सांगेन.

उणिवाही आहेत. डाउनलोडची पॅकेटे आपल्यापर्यंत येऊन पोहोचल्यावरच केक त्यांना आवरू शकतो, त्यामुळे त्या दिशेचे नियंत्रण अपलोडइतके घट्ट नसते. संध्याकाळी पुरवठादाराकडूनच वेग ९० च्या खाली आला, की रांग पुन्हा त्याच्याकडे लागते आणि आपली हमी संपते. अशा लाइनसाठी वेग सतत मोजून मर्यादा बदलणारी ‘केक-ऑटोरेट’ ही स्क्रिप्ट आहे आणि सध्या मी ती रात्रीच्या वेळी चालवून पाहत आहे. वायफायच्या हवेतल्या गर्दीवर ही व्यवस्था काहीच करत नाही. कोपऱ्यातल्या टेबलांसाठी वेगळा अॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारे उपकरण) लावावाच लागला. शिवाय हे सारे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडते आणि हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटे प्रोसेसरला वगळून परस्पर पुढे पाठवण्याची सोय) बंद ठेवावे लागते. शंभराच्या लाइनला आमचा साधा राउटर पुरतो, पण पाचशे एमबीपीएस किंवा त्याहून मोठी लाइन असेल, तर आधी ताकदवान राउटरची तरतूद करावी आणि मगच केक लावावा.