लिंकन, न्यू मेक्सिको: बिली द किडचं गाव बघायला जाताय तर आधी हे वाचा

बिली द किड म्हणजे अमेरिकेतला 1870-80 च्या काळातला प्रसिद्ध आउटलॉ, म्हणजे कायद्यापासून फरार बंदूकबाज. वेस्टर्न सिनेमे बघून आउटलॉ म्हणजे टोपी, घोडा, पिस्तूल एवढंच डोक्यात असेल तर लिंकनला नक्की जा, माझ्याकडून पाचपैकी पाच. गाव म्हणजे एकच रस्ता, दोन्ही बाजूला 1870-80 च्या काळातली घरं नि दुकानं, बरीचशी आता राज्य सरकारचं हिस्टॉरिक साइट म्हणून जपलेली.

सगळ्यात भारी टन्स्टलचं दुकान. त्या काळातला माल अजून कपाटांत मांडलेला आहे, नि इथेच सगळं भांडण कळतं. मर्फी-डोलन कंपनीचं गावात एकच मोठं दुकान, जवळच्या फोर्ट स्टँटन या लष्करी ठाण्याला बीफ पुरवायचं कॉन्ट्रॅक्ट त्यांचं, शेतकऱ्यांना उधारी त्यांचीच, म्हणजे आपल्याकडच्या सावकारासारखंच, आणि शेरीफ (म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख) ब्रेडी पण त्यांच्याच बाजूचा. त्यात टन्स्टल नावाच्या तरुण इंग्रजाने समोर दुसरं दुकान टाकलं. 18 फेब्रुवारी 1878 ला शेरीफच्याच माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. बिली त्याच्याकडे कामाला होता, आईबाप नसलेला पोरगा, पुढे त्याने जे केलं ते इथून सुरू होतं. आणि गंमत नाही, खरंच, बिलीच्या टोळीकडे सुरुवातीला जस्टिस ऑफ द पीसने, म्हणजे गावच्या छोट्या न्यायाधीशाने दिलेली वॉरंट होती! म्हणजे कायदा दोन्हीकडे होता, नि मुडदे पण दोन्हीकडे पडत होते. एप्रिलमध्ये बिलीच्या टोळीने ब्रेडीला याच रस्त्यावर मारला.

मग कोर्टहाउसला जा. ही इमारत म्हणजे तेच मर्फी-डोलनचं जुनं दुकान, नंतर काउंटीने कोर्ट केलं. ब्रेडीच्या खुनासाठी बिलीला फाशीची शिक्षा झाली ती मेसिया नावाच्या दुसऱ्या गावातल्या कोर्टात, तिथून त्याला इथं वरच्या मजल्यावर बेड्या घालून ठेवलेला. 28 एप्रिल 1881 ला त्याने जिन्यावर बेल या पहारेकऱ्याला मारलं, मग दुसरा पहारेकरी ऑलिंजर, त्याचीच शॉटगन घेऊन खिडकीतून त्याला. खाली भिंतीत गोळीचं भोक दाखवतात. त्या जिन्यावर उभं राहिलं ना की अंगावर काटा येतो, इतका अरुंद आहे तो. त्यानंतर बिली लगेच पळाला पण नाही, बराच वेळ बेडी तोडत बसला नि गावातल्या कुणी अडवलं नाही. स्पॅनिश बोलणारी गरीब माणसं त्याला आपला मानायची, तो स्वतः पण छान स्पॅनिश बोलायचा. न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर वॉलेसने साक्ष दिलीस तर माफी देतो म्हणून शब्द दिला होता, बिलीने साक्ष दिली, माफी काही मिळाली नाही. मला याचा अजून राग येतो.

वाटेत एका दुकानात 'वयाच्या 21 व्या वर्षी 21 खून' लिहिलेले टीशर्ट होते, कृपया घेऊ नका. त्याने एकट्याने मारलेले म्हणून खात्रीने सांगता येतात ते चारच. डावखुरा होता हे पण खोटं, त्याचा तो प्रसिद्ध फोटो टिनटाइप आहे, म्हणजे पत्र्यावर काढलेला जुना फोटो, नि टिनटाइपमध्ये डावं-उजवं उलटं येतं.

आधी टन्स्टलचं दुकान, मग कोर्टहाउस, हाच क्रम ठेवा, उलटं केलं तर नुसती गोळीबाराची गोष्ट वाटेल. पाणी नि खायचं बरोबर न्या, नि अर्धा दिवस तरी ठेवा. फोर्ट समनरला जिथं नंतरचा शेरीफ पॅट गॅरेटने बिलीला 14 जुलै 1881 ला अंधारात मारलं, ते त्याच दिवशी जमवायला जाऊ नका, बरंच लांब आहे.