सेकंडहँड स्विफ्टची थरथर आणि उद्यमनगरातलं एक गॅरेज

२०१३ ची डिझेल स्विफ्ट आम्ही सेकंडहँड घेतली. गावात झकास चालायची, पण हायवेला ८० च्या पुढं गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायचं. एका टायरवाल्यानं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करून दिलं. आठवडाभरात पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्यानं तर गाडी वर न उचलताच पुढचं सगळं सस्पेन्शन बदलायला सांगितलं. शेवटी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या, फक्त स्टिअरिंग-सस्पेन्शनचंच काम करणाऱ्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेले.

मिस्त्रींनी पान्याला हात लावायच्या आधी गाडी चालवून बघितली. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढत नव्हती, म्हणजे डिस्क ठीक. मग पुढची चाकं मागं, मागची पुढं टाकून पुन्हा चक्कर. थरथर सीटखाली गेली असती तर दोष चाकाचा. ती स्टिअरिंगलाच राहिली. मग जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवलं तर घट्ट, डावी-उजवीकडं धरून हलवलं तर बारीक ‘टक’. “ताई, इथं बोट ठेवा,” म्हणाले. हाताखालच्या पोरानं स्टिअरिंग जरासं हलवलं आणि टाय रॉड एंडमधला, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यातला प्ले (ढिलेपणा) माझ्या बोटाला स्पष्ट कळला. टॉमीनं (लोखंडी पहारीनं) लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा हात रेटला, तर त्याच्या मागच्या बुशचं (सांध्यातल्या रबरी गादीचं) रबर फाटलेलं दिसलं. बॅलन्सिंगमधला उन्नीस-बीस फरक घट्ट गाडी पचवते, ढिल्या जॉइंटमधून तोच हातापर्यंत येतो. “आधी ढिलं ते बदलू, मग अलाइनमेंट. उलटं केलं तर पैसे पाण्यात.”

दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड आणि बुश बदलले. बॉल जॉइंट, शॉकअप चांगले होते, त्यांना हात लावला नाही. मला सगळ्यात भावलं ते शेवटचं काम: लोअर आर्मचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्के आवळले. चाकं लटकत असताना आवळले तर बुशचं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. एवढी निगा मी दुसरीकडं कुठं बघितली नाही.

जुने पार्ट हातात दिले, लेबरही वाजवी. आता हायवेला स्टिअरिंग एकदम शांत आहे.

उणीव एवढीच की अलाइनमेंटचं मशीन त्यांच्याकडं नाही, त्यासाठी दुसरीकडं जावं लागतं. जागा अडचणीची आहे, दुपारी तर गाडी लावायलाच मिळत नाही, त्यामुळं सकाळी लवकर जा. जुनी गाडी घेणार असाल तर बयाणा द्यायच्या आधीच इथं दाखवून घ्या.