चराची तपासणी: साईटवरचा माणूस की बाहेरचा इन्स्पेक्टर?

पाइपलाइनचं काम घेतलंय, चर खोदायचाय आणि सेफ्टीची तपासणी कोणाला द्यायची ते ठरत नाहीये, असं असेल तर आधी एक लक्षात घ्या, चर म्हणजे काँक्रीटचा कॉलम नाही की एकदा चेक केला आणि झालं. सकाळी ठणठणीत दिसणारी भिंत दुपारपर्यंत सुकून तडकते, बाजूने डंपर गेले की हादरे बसतात, आणि रात्री पाऊस झाला तर कालचा रिपोर्ट विसराच.

बाहेरचा इन्स्पेक्टर इथेच कमी पडतो. माणूस अनुभवी, फोटोसकट रिपोर्ट देतो, कोणाचं ऐकून घेत नाही, सगळं खरं, पण तो उभा होता तेवढ्याच वेळापुरतं. अमेरिकेच्या ओशाचा (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियम तर रोज शिफ्टच्या आधी आणि प्रत्येक पावसानंतर तपासा म्हणतो. रोज बाहेरून कोण येणार?

साईटवरचा ट्रेनिंग घेतलेला माणूस दिवसभर तिथेच असतो. काठाला समांतर गेलेली बारीक चीर, तळाशी साचलेलं पाणी, उपसलेली माती काठापासून निदान 2 फूट लांब टाकलीय का, 4 फूट किंवा जास्त खोल चरात माणसापासून 25 फुटांच्या आत शिडी आहे का, 5 फूट किंवा त्याच्या पुढे शोरिंग (भिंतींना दिलेला टेकू) किंवा ट्रेंच बॉक्स (चरात उतरवायची लोखंडी पेटी, तिच्या आत माणूस काम करतो) लावलाय का (पक्का खडक असेल तर गोष्ट वेगळी), हे त्याला येताजाता दिसतं.

त्याची गोची एकच, पगार देणारा साहेबच मागे लागलेला असतो की पाइप आजच टाक. मग "पाच मिनिटांचं काम आहे, उतर रे" होतं. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या आसपास, छातीपर्यंत गाडला गेला तरी माणसाला श्वास घेता येत नाही, आणि वरून घाईघाईत पोकलेनने उकरायला गेलात तर त्यालाच लागायचं.

मी तरी रोजच्यासाठी साईटवरचाच माणूस घेईन, पण काम थांबवायचा अधिकार त्याला लेखी देऊन, नाहीतर तो नुसता चेकलिस्टवर टिक मारणारा. बाहेरचा मधूनमधून, आधी न कळवता येणारा, आणि तो चराइतकीच आपल्या माणसाची तपासणीची वहीसुद्धा बघेल. 20 फुटांच्या खाली जायचं असेल किंवा शेजारी बिल्डिंगचा पाया असेल तर मात्र या दोघांवर भागत नाही, आधाराचं डिझाइन इंजिनिअरकडूनच घ्या, खोदायच्या आधी.