डेटन ते डिअरबॉर्न: आई, मुलं आणि भाड्याची आरव्ही

संग्रहालयं बघायला आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, कशाला, हॉटेलं आहेत की, असं घरात सगळेच म्हणत होते. अमेरिकेत ओहायोतून मिशिगनपर्यंत पाच दिवस फिरून आल्यावर माझं मत पक्कं झालंय. सोबत ७१ वर्षांची आई आणि ७ नि ११ वर्षांची मुलं असतील, तर आरव्हीचे पैसे संग्रहालयाच्या पार्किंगमध्ये वसूल होतात.

डेटनला हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात हे पहिल्याच दिवशी कळलं. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट आणि जागा ऐसपैस. चार प्रचंड हँगर आहेत, एका दमात बघायला गेलं की पायांचे तुकडे पडतात. आम्ही सकाळी दोन पाहिले, गाडीत येऊन वरण-भात जेवलो, आईने तासभर पाठ टेकली आणि मग पुन्हा आत गेलो. तिकीटच नाही, त्यामुळे कितीही वेळा ये-जा करा. चौथ्या हँगरमधलं राष्ट्राध्यक्षांचं विमान चुकवू नका. केनेडींच्या हत्येनंतर, २२ नोव्हेंबर १९६३ ला, उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी याच विमानात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. आत चढून बघता येतं, पण वाट फार अरुंद आहे. आई अंग चोरून पुढे सरकत होती, तरी तिने शेवटपर्यंत सगळं पाहिलं.

गावातच कॅरिलॉन पार्कमध्ये राइट बंधूंचं १९०५ चं तिसरं विमान आहे. पहिलं विमान १९०३ मध्ये पहिल्या झेपेत जेमतेम १२ सेकंद हवेत होतं. या तिसऱ्याने दोनच वर्षांनी डेटनजवळच्याच कुरणावर ३९ मिनिटं घिरट्या घातल्या. विमान खोलगट जागेत ठेवलंय, त्यामुळे वरून पंखांवरचं कापड, तारा, साखळ्या सगळं दिसतं. साखळी बघून धाकटा म्हणाला, ही तर सायकलची! दुकानच सायकलचं होतं ना त्यांचं.

तिथून आय-७५ महामार्गाने उत्तरेला साधारण तासाभरावर वापाकोनेटा. नील आर्मस्ट्राँग यांचं गाव. संग्रहालय छोटं आहे, दीड तास पुरे. पण आर्मस्ट्राँग ज्यातून गेले त्या जेमिनी ८ यानाची खरी कुपी (अंतराळवीर बसतात तो भाग) इथे आहे, १९६६ मध्ये अंतराळात दुसऱ्या यानाला पहिल्यांदा जोडली गेलेली तीच. दोन माणसं, गुडघे दुमडून, खांद्याला खांदा. यानाची दिशा बदलणारं एक छोटं इंजिन, थ्रस्टर, चालूच राहिलं आणि यान सेकंदाला एक गिरकी इतक्या वेगाने फिरायला लागलं, हे थोरलीने वाचून दाखवलं तेव्हा आईने काचेवर हात टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

आता तक्रार. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी दहा मिनिटांत किल्ली हातात ठेवली. रात्री कॅम्पग्राउंडवर नळ सोडला तर पंप नुसता घरघरतोय, पाणी नाही. कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडलेलं हुकअपचं पाणी होतं म्हणून निभावलं, पण दुपारी पार्किंगमध्ये भांडी बाटलीतल्या पाण्याने धुतली. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक नळ, फ्रिज, जनरेटर स्वतः चालवून बघा, आणि मैल्याची टाकी रिकामी कशी करायची ते त्यांच्याकडून करून दाखवून घ्या. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. आम्ही एका पुलाखाली न जाता वळून आलो, ते त्या कागदामुळे.

डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड संग्रहालय आणि ग्रीनफिल्ड व्हिलेज यांची तिकिटं वेगवेगळी असतात. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. राइट बंधूंचं सायकलचं दुकान आणि राहतं घर मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९३७ मध्ये डेटनहून उचलून इथे आणलं. डेटनला त्यांचं विमान बघून आलेल्या मुलांना ही खोली, हे टेबल वेगळंच दिसतं. म्हणून याच क्रमाने जा, आधी डेटन.

आणि संग्रहालयात ती बस आहे. १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमरीत रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी जिच्यात जागा सोडायला नकार दिला, ती. मधली अनेक वर्षं ती एका शेतात सामान ठेवायला वापरत होते. आता आत बसू देतात. आई सीटवर बसली, पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली. मागे रांग वाढत होती, तरी मी तिला उठ म्हटलं नाही.