लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक: गुळाच्या हंगामातला अनुभव

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील काही गूळ अडत्यांसाठी आम्ही हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवतो. सौदा होऊन वजन लागले की शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) त्यातूनच निघते, त्यामुळे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांपासून पुढचे काही महिने सर्व्हर बसणे आम्हाला परवडत नाही. आमचे दोन सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत, मुंबई रीजनमध्ये, ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरच्या, म्हणजे आलेल्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या सेवेच्या मागे आहेत. त्यांच्या प्रकृतीवर हा लोड बॅलन्सर जी देखरेख ठेवतो (हेल्थ चेक), तेवढ्याविषयीच येथे लिहितो.

मूळ सेटिंगनुसार तो दर ३० सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरच्या ठरावीक पत्त्यावर विनंती पाठवतो, ५ सेकंदांत २०० हा ‘सर्व ठीक’ सांगणारा कोड आला तर तपासणी उत्तीर्ण मानतो, लागोपाठ २ तपासण्या हुकल्या की त्या सर्व्हरकडे नवी विनंती पाठवणे थांबवतो आणि लागोपाठ ५ उत्तीर्ण होईपर्यंत त्याला परत घेत नाही. बाहेर काढताना तत्पर आणि परत घेताना सावध, हे धोरण मला पटते. तरीही बिघाड कळायला साधारण एक मिनिट लागते आणि सौद्याच्या वेळी ते फार होते, म्हणून आम्ही अंतर १० सेकंदांवर आणले आणि हुकण्याची मर्यादा ३ केली. लोड बॅलन्सरचे दोन झोनमधले (वेगळ्या डेटा सेंटरांमधले) दोन नोड स्वतंत्रपणे तपासतात, त्यामुळे एकेका सर्व्हरच्या लॉगमध्ये दिवसाला १७,२८० ओळी नुसत्या तपासणीच्या पडू लागल्या; त्या गाळायची सोय आधीच करून ठेवलेली बरी.

जोडणीच्या पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडत होते, पण ॲमेझॉनच्या कन्सोलमध्ये (नियंत्रणाच्या पानावर) दोन्ही सर्व्हर ‘अनहेल्दी’ दिसत होते. तपासणीच्या विनंतीत होस्ट म्हणून सर्व्हरचा खासगी आयपी जातो, आणि आमचे सॉफ्टवेअर ज्या जँगो या फ्रेमवर्कवर बांधले आहे त्याच्या परवानगीच्या यादीत तो नसल्याने ४०० हा ‘विनंती चुकीची’ सांगणारा कोड परत जात होता. मग ब्राउझरमध्ये पान उघडत कसे होते? सगळेच सर्व्हर नापास झाले तर हा लोड बॅलन्सर कोणालाच वगळत नाही, सर्वांकडे विनंत्या पाठवत राहतो. या वागण्याची माहिती नसलेल्या माणसाचा अर्धा दिवस सहज जातो, आमचा गेला.

खरा धडा मात्र ऐन हंगामात मिळाला. एका सकाळी अडत्यांचा फोन आला, “ओ दादा, पट्टी निघंना झालीया बघा, दोनदा दाबल्यावर एकदा निघतीया.” एका सर्व्हरची डेटाबेसकडची सगळी कनेक्शने अडकून पडली होती, पण आमचा हेल्थ चेकचा पत्ता डेटाबेसला हात न लावता ‘ओके’ म्हणत होता. लोड बॅलन्सरने इमानाने ते ऐकले आणि निम्म्या विनंत्या त्याच सर्व्हरकडे पाठवत राहिला. चूक निखळ आमची होती. यार्डात गूळ घेणारा नुसत्या रव्याच्या (ढेपेच्या) रंगावर भाव बोलत नाही, आणि आम्ही मात्र रंगच दाखवत होतो.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो आणि त्या पत्त्यावर डेटाबेसची पूर्ण चौकशी बसवली. पुढे एकदा डेटाबेस मंदावला, तेव्हा दोन्ही सर्व्हर एकदम नापास झाले. सगळेच नापास झाले तर कोणालाच न वगळण्याच्या, वर सांगितलेल्या सवलतीमुळे काम हळूहळू का होईना चालू राहिले. पण ऑटो स्केलिंग (सर्व्हर आपोआप वाढवणारी, कमी करणारी व बदलणारी सोय) याच तपासणीला जोडलेले असते, तर त्याने दोन्ही धडधाकट सर्व्हर मोडीत काढून नवे उभे केले असते. आता त्या पत्त्यावर सर्व्हरकडे मोकळे कनेक्शन आहे का एवढेच पाहिले जाते आणि डेटाबेसच्या वेगावर वेगळा अलार्म आहे.

सेवा भरवशाची आहे आणि आमच्यासारख्या लहान कार्यालयाने ती जरूर घ्यावी. मात्र सर्व्हर आजारी पडल्याचा निरोप ती आपणहून देत नाही. क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्याच देखरेखीच्या सेवेत नापास सर्व्हरांच्या संख्येवर अलार्म आपणच लावावा लागतो. शिवाय सर्व्हरांच्या यादीत दिसते ती आत्ताची स्थिती आणि तिचे त्रोटक कारण. पहाटे तीनला सर्व्हर का हुकला, हे सकाळी त्या यादीत सापडत नाही, म्हणून आमचा हेल्थ चेकचा पत्ता प्रत्येक नकाराचे कारण वेळेसह आमच्याच लॉगमध्ये लिहून ठेवतो.