फायर स्टील: ठिणगी झकास, मुठीची बोंब

साडेतीन स्टार देतेय, कापलेले दीड कशाचे ते खाली.

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सात, काडेपेटी हातात द्यायला धजत नव्हते म्हणून हे फायर स्टील मागवलं. पेन्सिलीएवढी काळी दांडी आणि सोबत एक पट्टी, खरवडलं की ठिणग्या. पहिल्या दिवशी काहीच उडेना, पोरं हिरमुसली, मला वाटलं पीस फॉल्टी आलाय, मग कळलं वरचा काळा थर आधी खरवडून काढायचा असतो, पाकिटावर एवढं लिहायला काय झालं होतं? त्यानंतर मात्र अशा ठिणग्या पडल्या की बास, आणि दांडी भिजली तरी पुसून परत चालते.

पण ठिणगी म्हणजे जाळ नव्हे आणि मला तेच आवडलं. काडी ओढली की लगेच आग, इथे आधी जमवाजमव. वाळकं गवत चुरून घरट्यासारखं करायचं, मग काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढ्या, सगळं खाली पडलेलंच, झाडाचं तोडायचं नाही. कट्कन मोडली तर सुकी, नुसती वाकली तर ओली. धाकट्याने अख्खी सकाळ काटक्या मोडण्यात घालवली. मुलगी पट्टी जोरात पुढे ढकलायची आणि दर वेळी घरटंच उधळायची, रडकुंडीला आली अगदी. युक्ती अशी की पट्टी स्थिर धरायची आणि दांडी मागे ओढायची. मग धूर आला, खालून हळू फुंकर घातली, पेटलं!

आमच्याकडे वाऱ्याच्या दिवशी सुट्टी, पाचोळा आधी लांबवर झाडायचा, केस बांधायचे, नायलॉनचे कपडे नाहीत (वितळून अंगाला चिकटतात), एक गुडघा टेकून बसायचं म्हणजे पटकन मागे सरता येतं. नदीतले दगड भोवती लावायचे नाहीत, आत पाणी मुरलेलं असतं, तापून फुटू शकतात. बादली भरल्याशिवाय दांडी पिशवीतून निघत नाही आणि मी शेजारी बसल्याशिवाय तर नाहीच.

आता दीड स्टार. दांडी तिसऱ्याच दिवशी तिच्या मुठीतून (हँडलमधून) निखळली, गोंद लावून बसवली. पट्टीची कड बोथट. आणि माहितीपत्रकात पेटवायचं सगळं चित्रांसकट, विझवायचं एक अक्षर नाही, कमाल आहे! पाणी ओता, काठीने राख ढवळा, परत ओता, मग हाताची मागची बाजू राखेच्या वर धरून धग लागते का बघा. हे खातं आता धाकट्याकडे आहे आणि तो दोन बादल्यांशिवाय ऐकत नाही, चिखल होतो नुसता.